सकाळी ८ वाजताचे रक्त

आज सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी रक्त दिले, कारण हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि रात्रीपर्यंत ओसरत जाते. लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी नियमित घेऊन, टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तचाचणी) मर्यादेत येऊनही जिना चढताना मला कठडा धरून थांबावे लागते आणि कंगव्यात रोज केसांचा पुंजका उरतो. म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), बी१२ आणि ड जीवनसत्त्वही तपासायला सांगितले. कॉर्टिसॉलची खरीखुरी कमतरता असताना थायरॉइडचा डोस वाढवणे धोक्याचे ठरू शकते, हे मला आजवर कोणीच सांगितले नव्हते, याचे फार वाईट वाटते. लोहाची गोळी तर मी थायरॉइडच्या गोळीसोबतच घेत होते. दोन्हींत ४ तासांचे अंतर नसेल, तर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. उद्यापासून लोहाची गोळी दुपारीच घेणार आहे.