सावंतवाडी ते जुने गोवे: पाय धुणारी वारी

संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे ‘गोंयच्या सायबा’चं फेस्त (सण) ३ डिसेंबरला आणि नोव्हेना, म्हणजे त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून. सावंतवाडीहून गोंयच्या सायबाच्या दर्शनाला चालत जायचं तर अंतर साधारण ७० किलोमीटर भरतं. आम्ही ते तीन दिवसांत चालतो. २ डिसेंबरच्या संध्याकाळी पोहोचायचं म्हणून ३० नोव्हेंबरच्या पहाटे साडेचारला निघतो. पहिला मुक्काम पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे, दुसरा म्हापशाला, आणि तिसऱ्या दिवशी पर्वरी, पणजी, रायबंदर करत जुनं गोवं.

निघताना सगळ्यांच्या ओठांवर प्रार्थना असतेच, पण वारी खरी चालते ती पायांवर. म्हणून तयारीही पायांपासून. नवे बूट घालून कुणी आलं तर त्याला आम्ही जुन्या चपला आणायला परत पाठवतो. बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. नखं दोन दिवस आधी कापायची. इन्सुली घाटाच्या उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, वाढलेलं नख टोकावर आपटत राहतं आणि संध्याकाळपर्यंत काळंनिळं पडतं. मोज्यांचे तीन जोड: एक पायात, एक पिशवीत, एक वाळत. घामाने ओला झालेला मोजा कातडीवर घासतो आणि फोड येतो. तेव्हा दर दोन तासांनी थांबायचं, मोजे बदलायचे, टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली चोळायची. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो सकाळी नऊपर्यंत पाळावा. पुढे डांबर तापतं. मधुमेह असलेल्यांना अनवाणी चालू देत नाही, मग नवस कितीही जुना असो. त्यांच्या पायाला काच लागलेली त्यांनाच कळत नाही.

मुक्कामाला पोहोचलं की आधी पाय धुणं, मग चहा. दोन घमेली, कोमट पाणी, साधा साबण, स्वच्छ पंचे. प्रत्येकाने दुसऱ्याचे पाय धुवायचे, स्वतःचे नाही. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे धुतात. वारीत तेच करायचं, पण इथे पायांना डांबर, घाम आणि रक्त लागलेलं असतं. शेतमजूर, बँकेतला अधिकारी, धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर, सगळ्यांची पाळी येते. ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे त्याचे पाय मुद्दाम मागून घेणारेही असतात. त्यावर कुणी काही बोलत नाही. बोलूही नये.

फोड लहान असेल तर फोडायचा नाही, वर मऊ पट्टी लावायची. टम्म भरून ठणकत असेल तर आधी हात साबणाने धुवायचे, सुई स्पिरिटने पुसायची, कडेला दोन बारीक छिद्रं पाडून पाणी हलकेच दाबून काढायचं. वरची कातडी सोलायची नाही. आतल्या कोवळ्या कातडीचं तेच झाकण. मग मलम, न चिकटणारी पट्टी, आणि पहाटे पुन्हा पाहणी. भोवती लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला, तर त्या माणसाची वाट तिथेच संपली. त्याला डॉक्टरकडे न्यायचं आणि सोबत एकाने थांबायचं. सोबत थांबणारा वारी हुकली म्हणून हळहळतो, तेव्हा त्याला येशूने सांगितलेल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीची आठवण करून द्यायची. त्याने वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून उताऱ्याच्या घरी (धर्मशाळेत) नेलं, दोन दिनार दिले आणि वर लागले तर परत येताना देईन म्हणाला. येशूने सांगितलेल्या प्रेमात खर्चाचा हिशेबही येतो.

तीस जणांना दिवसाला माणशी तीन लिटर, म्हणजे ९० लिटर पाणी लागतं. वीस लिटरचे पाच जार सोबतच्या टेम्पोत ठेवतो. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरमध्येच विरघळवायची. पेल्यात अर्धी टाकून दिली तर मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. तीस जणांना तीन किलो तांदूळ पुरतात. जेवण तिन्ही दिवस शाकाहारी ठेवतो, म्हणजे ज्यांच्या अंगणात थांबतो त्या घरच्यांनाही पंगतीला बसवता येतं.

या दिवसांत सिंधुदुर्गात जत्रा सुरू झालेल्या असतात. आल्यागेल्याला पाणी देणं इथल्या गावांना शिकवावं लागत नाही. आम्ही पत्रकं वाटत नाही. कुणी विचारलं, ‘तुमी खंय चललास?’ तर सरळ सांगायचं, कुठे आणि का. पुढे विचारलं तर पुढचं सांगायचं. विहिरीकडचा कचरा आपला नसला तरी उचलायचा, चहाच्या टपरीवर उधारी ठेवायची नाही. वाटेत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना भोंगा लावायचा नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस असतो, कुणाची दहावीची मुलं अभ्यासाला बसलेली असतात.

अंधारात महामार्गावर उजव्या कडेने एका रांगेत चालावं, समोरची गाडी दिसते. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकणारी पट्टी हवी. वेग सगळ्यांत मागच्या माणसाचा. पहिल्या दिवशी उत्साहाने पुढे धावणारेच दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसतात. पणजी-रायबंदरचा सतराव्या शतकातला बांध सुमारे तीन किलोमीटरचा, अरुंद आणि वाहनांचा. तिथे जपमाळ खिशात आणि लक्ष रस्त्यावर.

जुन्या गोव्यातल्या बों जेझू चर्चला दर्शनाची रांग लांब असते. संत झेवियरचे पवित्र अवशेष चांदीच्या पेटीत, उंचावर. ते खाली आणून ठेवण्याचा सोहळा दहा वर्षांनी येतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. रांगेत लहान मुलांना आम्ही चमत्कारांच्या आधी एवढं सांगतो: ६ मे १५४२ ला हे फादर गोव्यात उतरले आणि राहायला गेले ते इस्पितळात. रुग्णांच्या उशाशी बसले, तुरुंगातल्या कैद्यांकडे गेले, रविवारी शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केली. हातात घंटी घेऊन रस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणाला बोलावलं.

परतीला करमळी स्टेशन जवळ आहे; तिथून रेल्वेने सावंतवाडी रोड. मुक्कामाच्या घरांतून आणलेली टोपं, कळशा आणि पंचे टेम्पोत नावं लावून ठेवलेले असतात. पंचे धुऊन पुढच्या रविवारी पोहोचवतो. टोपं नाताळात, कारण ती रिकामी द्यायची नसतात: आत नेवऱ्या आणि दोदोल, ही नाताळची गोडं.