लॉगरपायी गेलेला दिवस
फोंड्याकडच्या एका देवस्थानाची साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ८.२ आवृत्तीवर न्यायची आहे, तीही जत्रेआधी. आज पर्वरीत बसून नुसत्या लायब्ररी (तयार कोडचे संच) निवडल्या. कोडची एक ओळ लिहिली नाही, तरी दिवस कारणी लागला.

घोळ मोनोलॉगचा, म्हणजे साइटवरच्या घडामोडींची नोंद (लॉग) लिहिणाऱ्या लॉगर लायब्ररीचा. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला पीएसआर-लॉगची (लॉगरमध्ये कोणत्या मेथड्स हव्यात ते ठरवणारा सामाईक इंटरफेस) दुसरी किंवा तिसरी आवृत्ती लागते. देणगी-पावत्यांची जुनी लायब्ररी मात्र पहिलीलाच चिकटून बसलेली. कंपोझर (लायब्ररी बसवणारं साधन) एका पॅकेजची एकच आवृत्ती बसवतो, म्हणजे दोघी एका घरात नांदणं अशक्य. जबरदस्तीने पीएसआर-लॉगची तिसरी बसवावी, तर तिच्या इंटरफेसमधल्या मेथड्सना रिटर्न टाइप (मेथड काय परत देते त्याची नोंद) आहेत. जुन्या क्लासमध्ये ते नाहीत, त्यामुळे फेटल एरर (प्रोग्रॅम जागीच थांबवणारी चूक) ठरलेला.

(‘कंपोझर व्हाय-नॉट’ ही कमांड मला फार आवडते. कोण आडवा येतोय ते नावानिशी सांगते, भीडभाड नाही!)

शेवटी मोनोलॉग २ घेतलं. ते पीएसआर-लॉगच्या तिन्ही आवृत्त्यांशी जमवून घेतं. ज्युनियर पोरगा कुरकुरला, "दादा, पण हे जुनं ना?" असू दे रे, लॉग तर लिहितंय!

उद्या डायनॅमिक प्रॉपर्टी (क्लासमध्ये आधी जाहीर न करता वापरलेल्या). ८.२ त्यावर डेप्रिकेटेडची (हे पुढे बंद होणार, अशी) सूचना देतं, आणि पावतीवाल्या लायब्ररीत त्या पानोपानी आहेत.