शेवटची पायरी

आमच्या आधीच्या घराचा जिना दिसायला नीटनेटका होता. कठडा सागवानी, पायऱ्यांवर घोटून गुळगुळीत केलेला कडप्पा. तरीही येणारा-जाणारा उतरताना नेमका तळाशी अडखळे आणि आई स्वयंपाकघरातूनच ओरडे, "जपून हं, शेवटची आखूड आहे!" झाले होते असे, की जिना आधी बांधला गेला आणि तळमजल्याची फरशी मागाहून, ठरल्यापेक्षा जाड थरावर बसली, त्यामुळे बाकीच्या पायऱ्या सात इंच उंचीच्या आणि शेवटची मात्र साडेपाच. "दीड इंचाने काय होतंय?" असे गवंड्याचे म्हणणे.

दीड इंचाने बरेच होते. जिन्यावर माणूस पहिल्या एक-दोन पायऱ्या तेवढ्या बघतो. पुढचे मोजमाप पाय स्वतःच्या अंगावर घेतात, आणि म्हणूनच हातात चहाचा ट्रे असतानाही आपण बोलत बोलत खाली येऊ शकतो. पायाला सात इंचांची सवय लागलेली असताना जमीन अलीकडेच लागली, की टाचेतून निघालेला हिसका थेट कवटीपर्यंत जातो.

फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने सतराव्या शतकात या पावलाचे गणित मांडले: पायरीची दुप्पट उंची आणि एकपट रुंदी (म्हणजे पाऊल टेकायला मिळणारी पुढून मागची जागा) मिळून माणसाची एक ढांग व्हावी. आज ही बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी उंची जास्तीत जास्त १९ आणि रुंदी किमान २५ सेंटिमीटर आहे. बेरीज करून पाहिली, तर ६३ येते.

आजोळच्या वाड्यातला जिना या गणितात मुळीच बसला नसता. भिंतीच्या जाडीत कोंबलेला, अंधारा, शिडीसारखा उभा, धरायला वरून सोडलेला एक दोर. पण त्याची प्रत्येक पायरी सारखीच गैरसोयीची होती, आणि आजी भरली कळशी घेऊन त्यावरून दिवा न लावता वर जात असे.

आता आम्ही दुसरीकडे राहतो. इथल्या पायऱ्या मी टेपने मोजल्या आहेत, सगळ्या सारख्या. तरी तळाशी आलो की माझा पाय क्षणभर हवेत थबकतो, आणि शेजारचे काका आस्थेने विचारतात, "गुडघे का हो?"