५०० वजा १३७

चौथीचा वर्ग माझ्याकडे आला आणि पहिल्याच आठवड्यात मी लेखी चाचणी घेतली. ३२ मुलं, बहुतेकांचे आईवडील रोजंदारीवर. ५०० वजा १३७ याचं उत्तर निम्म्या वर्गाने ४३७ लिहिलं होतं. "लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून मी वर्गावर चांगलीच चिडले. आता त्याची लाज वाटते, कारण ४३७ लक्ष नसल्यामुळे येतच नाही. शून्यातून सात जात नाहीत, मग मुलं सातातून शून्य वजा करतात. नियम मनापासून पाळलेला असतो, फक्त तो चुकीचा असतो.

वर्गातला एक मुलगा शाळा सुटली की आईच्या हातगाडीवर बसायचा. मधल्या सुट्टीत त्याला सहज विचारलं, "गिऱ्हाइकाने पाचशे दिले, माल एकशे सदतीसचा. परत किती देशील?"

त्याने मान वरसुद्धा केली नाही. "तीन दिले की एकशे चाळीस, साठ दिले की दोनशे, वर तीनशे. तीनशे त्रेसष्ट, बाई."

पेपरात त्याचंही उत्तर ४३७ होतं.

पुढे वाचनात आलं, की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी बाजारात काम करणाऱ्या पाच मुलांवर हेच करून पाहिलं होतं. १९८५ साली ते प्रसिद्ध झालं. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांत ९८ टक्के उत्तरं बरोबर, तीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडली की जेमतेम ३७ टक्के.

मग चाचणी पुन्हा घेतली, या वेळी तोंडी. एकेकाला जवळ बसवून, उदाहरण मी वाचून दाखवायचं. दोन आठवडे त्यातच गेले, पण कळलं की काहींचं घोडं गणितात नव्हे, वाचनातच अडलं होतं. त्यांचा गट वेगळा केला. बाकीच्यांना त्या मुलाचीच रीत आधी फळ्यावर दाखवली: १३७ पासून पुढे उड्या मारत ५०० गाठायचे.

हातच्यासाठी काड्या आणल्या. दहा-दहाचे गठ्ठे, असे दहा मिळून शंभराचा. (माझा अख्खा रविवार गठ्ठे बांधण्यात गेला.) सुट्टी काडी एकही नाही, दशकाचा गठ्ठाही नाही, म्हणजे शंभराचा सोडायलाच हवा. एक मुलगी तो सोडायला तयारच होईना. "बाई, परत बांधायला लागेल!" शेवटी तिने सोडला, त्यातला दहाचा एक मोडला आणि मोजून सांगितलं: चार शतकं, नऊ दशकं, दहा सुट्ट्या. मधल्या शून्याचा नऊ कसा होतो, हे मी इतकी वर्षं फळ्यावर नुसतं सांगत आले होते.

गृहपाठ बंद केला. एका खोलीत पाच माणसं आणि कडेवर धाकटं भावंड, तिथे वही उघडणार कुठे? शेवटचा अर्धा तास वर्गातच सराव आणि वह्या शाळेच्या कपाटात. "फार लाडावताय," असं एका सहकाऱ्याने ऐकवलं. ऐकून घेतलं.

वर्ष संपताना २६ जणांना हातच्याची वजाबाकी कागदावर जमत होती. तिघांची अजून गडबड व्हायची. उरलेले तिघे आठवड्यातून दोन दिवसही शाळेत येत नव्हते. त्यांच्यापर्यंत माझ्या काड्या पोहोचल्याच नाहीत.