कच्च्या टाक्यांची बंदूक

गोधडीतले कच्चे टाके मुळात उसवण्यासाठीच घातलेले असतात, आणि तरीही ते नीट घालण्यात अख्खी दुपार खर्ची पडते, हे मला नेहमीच काहीसे अन्यायाचे वाटत आले आहे. वरचे जोडकाम, मधला मऊ थर आणि खालचे अस्तर, हे तिन्ही पक्की शिलाई पडेपर्यंत एकमेकांवरून सरकू नयेत, एवढेच त्या टाक्यांचे काम. त्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून लांब लांब टाके घालत जायचे, नाहीतर सेफ्टी पिनांचा डबा घेऊन बसायचे. आणि पिना टोचण्यापेक्षा त्या बंद करतानाच बोटे जास्त हुळहुळतात. ज्यांनी हे केले आहे, त्यांना टॅकिंग गनचे, म्हणजे कच्चे टाके मारणाऱ्या बंदुकीचे, महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

तयार कपड्यांना किमतीची चिठ्ठी अडकवण्याचे यंत्र असते, त्याचीच ही बहीण. पोकळ सुई तिन्ही थरांतून आरपार घालून घोडा दाबला, की दोन्ही टोकांना बारीक आडवी दांडी असलेला प्लास्टिकचा छोटा दोरा तिच्यातून बाहेर पडतो. एक दांडी अस्तराखाली आडवी होते, दुसरी वर राहते आणि मधले थर जागच्या जागी धरले जातात. फरक आहे तो सुईचा. चिठ्ठ्यांच्या यंत्राची सुई बहुधा जाड असते, गोधडीसाठी बारीक सुईचीच बंदूक हवी. सैलसर विणीच्या सुती कापडातली छिद्रे धुतल्यावर मिटून जातात, पण बाटिकसारख्या घट्ट विणीच्या कापडात ती दिसत राहू शकतात, म्हणून उरलेल्या तुकड्यावर एकदा टोचून पाहिलेले बरे.

सुई आरपार जायची, तर खाली तिला जागा हवी. त्यासाठी अस्तराखाली प्लास्टिकची उंच जाळी ठेवतात, म्हणजे टेबलावर ओरखडे पडत नाहीत. ही जाळी पुढे सरकवताना ताणून बसवलेल्या अस्तराला ओढ लागू द्यायची नाही, ही मात्र खरी कसरत आहे. बंदुकीचे कौतुक करणारे तिच्या वेगाविषयी भरभरून बोलतात, पण माझ्या मते तिचा धोकाही त्या वेगातच आहे. दोऱ्याने टाके घालताना तळहात सतत कापडावरून फिरत असतो आणि सुरकुती आपोआप हाताला लागते. बंदूक सुरकुतीलाही तितक्याच तत्परतेने जागेवर खिळवून टाकते. म्हणून वाचलेल्या वेळातला निम्मा तरी थर सपाट करण्यात घालवावा, मध्यापासून कडांकडे जावे आणि तीन-चार इंचांवर एकेक टाका मारावा.

हाताने भरायच्या गोधडीला मी आजही दोराच वापरते. कापड ताणून धरणारे रिंगण चढवताना या प्लास्टिकच्या दांड्या मध्ये येतात आणि हाताच्या दोऱ्यातही अडकत राहतात. यंत्राच्या शिलाईला मात्र बंदूक सोयीची पडते, फक्त सुईखाली कापड दाबून धरणारी दाबपट्टी जवळ आली की पुढचा टाका आधीच कापून टाकायचा. इस्त्री तर हे सगळे टाके निघाल्याशिवाय फिरवूच नये, प्लास्टिक वितळून कापडाला चिकटते.

टाका काढताना तो ओढायचा नाही. ओढला तर मधल्या थराचे तंतूही त्याच्यासोबत बाहेर येतात. वरची दांडी चिमटीत किंचित उचलून खालचा दोरा कात्रीने कापायचा, मग दुसरा तुकडा उलट्या बाजूने सहज सुटतो. म्हणजे प्रत्येक टाक्यामागे दोन तुकडे, आणि शेकडो टाक्यांमागे किती, याचा हिशेब जमीन झाडताना होतो. सांडलेल्या पिना निदान चुंबकाने गोळा करता येतात आणि पुढच्या गोधडीला पुन्हा कामी येतात. हे पारदर्शक तुकडे चुंबकाला दाद देत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि अनवाणी पायांना मात्र पुढचे कित्येक दिवस अचूक सापडत राहतात.