करंट परत यायला वाट कुठाय?

मी स्वतः बनवतोय त्या गाडीचा ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणायचे. आज सकाळपासनं तेच बघत बसलोय, फ्यूज बदलला, बल्ब बदलले, होल्डर घासले, तरी तेच.

शेवटी उद्यमनगरातल्या वायरिंगच्या मामांना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉडीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "करंट गेला बरोबर, पर त्याला परत यायला वाट कुटं ठेवलीस?"

मी गप्पच.

सगळं वायरिंग जुन्या मारुती ८०० मधनं काढलेलं. दोन रविवार घालवून एकेका वायरीला टेप लावून नाव लिहिलं होतं, एक पण वायर चुकवली नव्हती. पण त्या गाडीत निगेटिव्ह पत्र्यातनंच बॅटरीपर्यंत परत जातं, आणि माझ्या गाडीची बॉडी फायबरची! त्यात करंट वाहतच नाही. ब्रेक लाईटला अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, मिळंना म्हणून तो करंट इंडिकेटरच्या बल्बमधनं वाट काढत होता.

मामांनी प्रत्येक लाईटपासनं काळी वायर चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर आणली, तिथला पेंट खरवडून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, चेसिसवरनं जाड केबल थेट बॅटरीला. इंडिकेटर एकदम शांत.

तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय. वायरी जपून ठेवल्या आणि निम्मं काम करणारा पत्रा मी स्वतःच्या हातानं भंगारात घातला. पेट्रोलच्या टाकीतल्या फ्लोटला (पेट्रोल किती आहे ते काट्याला सांगणारा) पण अर्थिंग लागतंय, ते आत्ता आठवलं, उद्या पहिलं तेच बघतो.

फायबर बॉडीचं काम केलेलं कोण आहे का इथं? अजून कुठं कुठं अर्थ ओढावी लागती?