स्रवलं की सांडलं?

प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणारं पहिलं जेल कोरं आलं. दुसरंही तसंच.

ईपेक हा ई. कोलायचा प्रकार लहान मुलांना जुलाब करतो. आतड्याच्या पेशीत टोचण्यासाठी तो जी प्रथिनं बाहेर सोडतो, ती मला पकडायची होती. त्यासाठी त्याच्याकडे टाइप थ्री सिक्रीशन सिस्टिम, म्हणजे सुईसारखी यंत्रणा असते. सुईची पोकळी 2-3 नॅनोमीटरचीच, म्हणून प्रथिनं घडी उलगडून तिच्यातून जातात. त्यातलं टिर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ते आपल्या पेशीच्या पटलात जाऊन बसतं आणि जिवाणू इंटिमिन नावाच्या प्रथिनाने त्यालाच धरतो. चिकटायला लागणारी खुंटी तो स्वतःच आणून ठोकतो!

चूक माध्यमात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात होती. एलबी या नेहमीच्या माध्यमात जिवाणू भरभरून वाढले, पण स्रवले फारसे नाहीत. डीएमईएम या प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या माध्यमात 37 अंशांना वाढवल्यावर चित्र पालटलं. सेंट्रीफ्यूज करून वरचं द्रव घ्यायचं, 10 टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) घालून बर्फात ठेवायचं, खाली बसलेलं प्रथिन ॲसिटोनने धुवायचं. धुणं कमी पडलं की आम्लामुळे नमुन्यात घातलेला निळा डाय पिवळा होतो. मग थोडं अल्कधर्मी ट्रिस घालून तो परत निळा करायचा. यात माझे बरेच नमुने वाया गेले.

शेवटी सुईतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांपैकी 20 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास एस्प-ए आणि त्याच्या वर एस्प-बी दिसलं. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "स्रवलंय कशावरून? पेशी फुटून सांडलं नसेल कशावरून?"

ग्रोईएल हे प्रथिन जिवाणूच्या पेशीच्या आतच असतं. अँटिबॉडीने ते शोधणारा ब्लॉट केला, तर ते माझ्या द्रवातही निघालं. फार वाईट वाटलं, पण प्रश्न रास्त होता. द्रव काढताना तळाच्या पेशीही पिपेटमध्ये येत होत्या. मग तळाचं थोडं द्रव सोडून द्यायला लागले आणि उरलेलं 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतलं. ग्रोईएल नाहीसं झालं.

पुढच्या जेलवर शेजारच्या लेनमध्ये (नमुन्याच्या उभ्या पट्ट्यात) एस्क-एन नसलेला म्यूटंट, म्हणजे जनुकात बदल केलेला ईपेक घेतला. एस्क-एन हे या यंत्रणेला ऊर्जा पुरवणारं एटीपेज. ते नसलं की सुईचा मार्गच बंद. त्या लेनमध्ये एस्प-ए नव्हतं, एस्प-बीही नव्हतं. 110 किलोडाल्टनजवळचं एस्प-सी मात्र दोन्ही लेनमध्ये ठसठशीत होतं, कारण ते वेगळ्याच वाटेने बाहेर पडतं. म्हणजे म्यूटंटच्या नमुन्यातलं प्रथिन धुण्यात गेलं नव्हतं. ते जेल घेऊन मी पुन्हा मॅडमकडे गेले, या वेळी चालत.